गणेशपट्टीवरची रेघ

टेप ओढली आणि दिराच्या बाजूचा रंग टेपेला चिकटून हातात आला.

चांगला वीतभर आला. आकाशी रंगाचा पापुद्रा टेपेवर, आणि चौकटीवर त्याच्या जागी काळपट उघडं लाकूड. मी शिडीवर उभी, एका हातात ती टेप, दुसऱ्या हातात चॉकलेटी रंगाचा ब्रश. खाली पडवीत सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय गो झालं?"

"काय नाय, आई."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण त्यांना सांगून काय उपयोग? त्यांनी लगेच विचारलं असतं, आता दीपेश काय म्हणेल? आणि नेमकं तेच मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आमचं घर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला रस्ता सोडून वर चढलं की लागणाऱ्या वाडीत आहे. घर एक, पडवी एक, दरवाजा एक आणि भाऊ दोन. डावी बाजू आमची, उजवी धाकट्या दिराची, म्हणजे दीपेशभावजींची. सासरे होते तोवर दाराला वर्षाआड तेल पाजायचे, रंगाचं कुणी नाव घेत नसे. ते गेले, चुली वेगळ्या झाल्या आणि पहिल्याच शिमग्याला भावजींनी मुंबईहून आकाशी ऑइल पेंटचा डबा आणून आपल्या बाजूची चौकट रंगवली. मग आमचे हे कसे मागे राहतील? यांनी चॉकलेटी आणला. तेव्हापासून आमच्या दाराची डावी उभी बाजू चॉकलेटी आणि उजवी आकाशी. डोक्यावर जी आडवी गणेशपट्टी आहे तिचा, तिच्यावरच्या भिंतीचा आणि खाली उंबऱ्याचा डावा अर्धा चॉकलेटी, उजवा आकाशी. पट्टीच्या मधोमध कोरलेला गणपती तेवढा कुणी वाटून घेतला नाही. त्याला दोघेही सोनेरी लावतात, एकदा हे, एकदा ते, आणि दोघांनी मिळून त्याच्यावर इतके थर चढवलेत की त्याच्या हातात मोदक आहे की आणखी काही, ते आता त्यालाच ठाऊक.

आमच्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत. अर्धं गुलाबी, अर्धं पोपटी. परगावची माणसं बघून हसतात. त्यांना हसायला काय जातंय? दोन रंग जिथे भेटतात तिथली रेघ सांभाळायला काय लागतं, ते त्यांनी एकदा येऊन बघावं.

आमची रेघ वाशांपासून सुरू होते, दारावरच्या भिंतीवरून गणपतीच्या डोक्यापर्यंत उतरते, गणपती सोडून त्याच्या आसनाखाली पट्टीवर पुन्हा बोटभर दिसते आणि खाली उंबऱ्याच्या मधोमध परत निघते. एवढीच. पण मागच्या खेपेला यांनी रंग मारला तेव्हा यांचा हात घसरला आणि अंगठ्याएवढा चॉकलेटी गणेशपट्टीवर पलीकडे गेला. यांनी पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. शिमग्याला भावजी आले. दारात देवीची पालखी नाचत होती, ढोल वाजत होते, आणि भावजी त्या डागाकडे बघत उभे. पालखी पुढच्या घरी जायच्या आधीच भांडण पेटलं.

"आज अंगठाभर आलात, उद्या हातभर याल!"

"अरे, रंग सांडला रे! मुद्दाम केला काय?"

"पुढल्या वेळेला जर रंग इकडे दिसला ना, तर हे दार बुजवून टाकीन. पडवीत मधोमध भिंत. तुमचं दार तुम्ही तिकडून फोडा, माझं मी इकडून फोडतो."

सगळी वाडी ऐकत होती. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. हे मुंबईत टेम्पोवर डिलिव्हरी करतात, भावजी नालासोपाऱ्याला, एकाच शहराच्या दोन टोकांना, आणि दोघांमधला निरोप्या कोण तर गावात राहणारी मी.

आणि यंदा रंगाची पाळी माझ्यावर आली. यांना सुट्टी पालखीच्या दिवसापुरतीच मिळाली. चॉकलेटी उन्हाने पार उडाला होता, पालखी येणार म्हणजे दार तसंच ठेवणं सासूबाईंच्या जिवावर आलं होतं. "आई, राहू दे ना यंदा," असं मी म्हणून पाहिलं. त्या नुसत्या त्या दाराकडे बघत राहिल्या. त्या याच दारातून माप ओलांडून आत आल्या, मीही, माझी जाऊ सोनालीसुद्धा. ते दार बुजलं तर सासूबाई कुठल्या मुलाच्या दारातून बाहेर पडणार? हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. पण मला ते रोज ऐकू यायचं.

म्हणून मी ठरवलं, मीच रंगवीन, आणि रेघ अशी मारीन की एक केस इकडचा तिकडे होणार नाही. महाडला गेले होते तेव्हा कागदी टेप आणली. दुकानदार म्हणाला होता, टेप लावा, रंग मारा, टेप काढा, झालं काम.

झालं काम! वीतभर रंग हातात आला.

यांना फोन लावला. गाडी चालू होती, मागे हॉर्न.

"टेप कशाला लावलीस? नुसता हात धरून मारायचा. मी मारतो तसा."

"तुम्ही मारता तसा? तुम्ही मारला तसा मारला म्हणून तर ही वेळ आली, अहो!"

यांनीही हॉर्न मारला. मग म्हणाले, "बरं, मग मोबाइलवर बघ काहीतरी. पण समीक्षा, त्याच्या बाजूला जायचं नाय हां." आणि फोन ठेवला. मला वाटलं, शिडीवरूनच मोबाइल भिरकावून द्यावा. यांच्या बाजूने मी शिडीवर, आणि वर सल्ला काय तर जाऊ नकोस.

मोबाइलवर बघितलं. रेंज फक्त गोठ्यामागच्या फणसाखाली येते. तिथे उभी राहून बघितलं तर सगळीकडे गुळगुळीत भिंती, पांढरी दारं, हातात मोजे घातलेले लोक. त्यांच्या दारावर सासऱ्यांनी पाजलेल्या तेलाचे थर नव्हते, त्यावर न घासता मारलेला भावजींचा आकाशी नव्हता. तरी त्यातल्या एकाने एक गोष्ट सांगितली ती मला पटली. टेप लावली की तिच्या कडेवरून आधी पलीकडचाच रंग मारायचा. टेपेखाली जो काही झिरपायचा तो तोच झिरपेल, भेगा त्यानेच भरतील, आणि वाळला की त्यावर आपला रंग. मग आपल्याला पलीकडे जायला वाटच राहत नाही. टेप काढायची ती रंग ओला असताना.

पलीकडचा रंग म्हणजे आकाशी. म्हणजे माझा रंग त्यांच्या बाजूला जाऊ नये म्हणून मला आधी त्यांचा रंग विकत आणायचा होता. मी फणसाखाली उभी राहून एकटीच हसले, आणि ते हसणं काही आनंदाचं नव्हतं.

आकाशी तरी कुठला? शंभर आकाशी असतात. सोनालीला फोन केला. जाऊ असली तरी आमचं बरं आहे, नवऱ्यांच्या अपरोक्ष.

"ताई, डब्याचं झाकण हाय माझ्याकडे, त्यात मी कोथिंबीर लावलीय," ती म्हणाली. "नंबर पाठवते. पण कशाला गो ताई?"

मी सांगितलं. तशी ती आवाज खाली करून म्हणाली, "ताई, संभाळून. ह्यांनी तुडीलच्या कोंडाजी मिस्त्रीशी बोलून ठेवलंय. पालखीच्या आदल्या दिवशी त्याला घेऊनच घरी येतायत. बोलले, रंग बघतो आणि ठरवतो. एवढासा जरी इकडे आला असंल तर शिमगा झाल्यावर विटा टाकतो."

"आणि नसंल आला तर?"

"नसंल आला तर काय बोलतील? निमित्तच नको काय माणसाला?"

फोन ठेवला. राग आला होता, भीतीही वाटत होती, आणि दोन्हींत जास्त काय ते कळत नव्हतं. त्या वीतभर उघड्या लाकडाकडे पाहिलं. निमित्त तर तयारच होतं. आणि ते मीच केलं होतं, माझ्या हाताने, रेघ सरळ यावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने पोलादपूरला उतरले, दोन दुकानं फिरून तो नंबर मिळवला. घरी येऊन उघड्या जागेवर आकाशी लावला आणि मागे सरून बघते तर काय, डब्याचा आकाशी आणि दारावरचा आकाशी यांची ओळखसुद्धा पटेना. दारावरचा उन्हाने विटून राखेसारखा झालेला, आणि त्यात माझं ठिगळ लख्ख. लांबून, अंगणाच्या टोकावरून दिसत होतं. शेजारच्या चंद्राबाई पाण्याला चालल्या होत्या, त्या थांबल्याच.

"ह्ये काय गो, दिराच्या दाराला मलमपट्टी?"

मी दात ओठ खात म्हटलं, "व्हय."

मग काय करणार? ठिगळ लपवायला गणेशपट्टीचा त्यांचा अर्धा पूर्ण रंगवला. तो नवा झाला तर खालची उजवी चौकट जुनाट दिसायला लागली. ती पॉलिश पेपरने घासली, नखं झिजली, डोळ्यांत भुगा गेला, आणि ती रंगवली. ती नवी झाली तर दारावरच्या भिंतीचा त्यांचा भाग पोपडे धरलेला. तोही घासला. त्या भिंतीलाही तोच आकाशी मारला. उंबऱ्याचा त्यांचा अर्धा राहिला होता, तो कशाला सोडा? ऑइल पेंट वाळायला दिवस घेतो, आणि वाळत असताना कोंबड्या, धूळ, गोठ्यातल्या माश्या सगळ्यांना नेमकं तेच दार हवं असतं. उंबऱ्यावरून तर एक कोंबडी चालत गेली आणि आकाशी पायांनी पडवीभर फिरली. तिला मी दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

सासूबाई सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "समीक्षा, तू कुणाचं दार रंगवतेस गो बाय?"

"मला तरी कुठे कळतंय, आई?"

त्या उठल्या, आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. दीपेशभावजींच्या बाजूला काहीही केलं की भांडण होतं एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी मला थांब म्हटलं नाही.

आकाशी पुरता वाळल्यावर मी रेघ मारली. ओळंबा म्हणून शिवणाच्या दोऱ्याला वजनाच्या तागडीतलं माप बांधलं आणि वाशापासून उंबऱ्यापर्यंत सोडलं. त्या दोऱ्याला धरून टेप लावली, कड चमच्याने दाबून दाबून बसवली. कडेवरून आकाशीचा पातळ हात दिला. तो वाळेपर्यंत दारासमोर राखणीला बसले. मग फक्त रेघेलगत, चार बोटांच्या पट्ट्यात, चॉकलेटी मारला. ओला असतानाच टेपेचं टोक धरून हळूहळू, तिरकी, खाली ओढत आणली.

रेघ आली. काय सांगू, अशी आली की मीच बघत राहिले. इकडे चॉकलेटी, तिकडे आकाशी, मध्ये काहीच नाही. कुठे दात नाही, कुठे डाग नाही. वाशापासून गणपतीपर्यंत सुरीने कापल्यासारखी, आणि खाली उंबऱ्यावर बरोबर तिच्याच खाली दुसरी. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हात धरून अंगणात नेलं आणि दाखवलं. आता कुणाचा बाप काय बोलतो बघू, असंही म्हणाले, आणि मग जीभ चावली, कारण बाप त्यांचाच नवरा होता.

फक्त एक झालं. पालखी दुसऱ्या दिवशी येणार होती आणि आमची बाजू राहिली होती. रेघेलगतचा तेवढा चार बोटांचा पट्टा सोडला तर आमची चौकट, आमचा गणेशपट्टीचा अर्धा, आमची भिंत, सगळं पूर्वीसारखं उडालेलं, पांढुरकं. सगळे दिवस त्यांच्या बाजूला गेले होते. चॉकलेटीचा डबा जवळजवळ भरलेला होता आणि माझा खांदा वर उचलत नव्हता.

दुपार कलली तेव्हा भावजी आले. खांद्याला बॅग, मागे कोंडाजी मिस्त्री. मिस्त्रीच्या पिशवीतून खरा ओळंबा डोकावत होता. भावजी सासूबाईंच्या पाया पडले, माझ्याकडे न बघता "बरं हाय ना वहिनी" म्हणाले आणि सरळ दारापाशी गेले.

मी पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिले.

भावजींनी आधी गणेशपट्टी बघितली. मग शिडी ओढली, वर चढले. रेघेवरून वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. परत फिरवलं. मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. मला मनातून म्हणावंसं वाटत होतं, शोधा, अजून शोधा, सापडलं तर मला पण दाखवा. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं. भांडायला घरून तयारी करून आलेल्या माणसाला भांडायचं काहीच सापडू नये, तसं.

मग त्यांनी हात आपल्या चौकटीवर ठेवला आणि थांबले.

"आकाशी कुणी मारला?"

"मी."

"सगळा?"

"टेपेबरोबर निघाला होता वीतभर. तेवढाच लावला तर ठिगळ दिसत होतं. मग सगळा लावला." माझा आवाज चढला, कारण आता मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. "तुमच्याच नंबरचा हाय. सोनालीला विचारून आणलाय. घासून मारलाय, दोन हात. माझा चॉकलेटी तुमच्याकडे एक कणभर आला नाय. बघून घ्या."

बोलला तो कोंडाजी मिस्त्री. तो तोवर उंबऱ्यापाशी वाकून, एक डोळा मिटून वर बघत होता.

"दीपेशभाऊ, आपलं काम तर झालंच," तो खुशीत म्हणाला. "आखणी करायची गरजच नाय. वरची रेघ नि उंबऱ्याची रेघ बरोबर ओळंब्यात हाय. हिलाच दोरी बांधायची नि सरळ अंगणापर्यंत न्यायची. भिंत एक सूत हलणार नाय. वहिनींनी काम सोपं करून ठेवलंय."

तो मनापासून माझं कौतुक करत होता.

भिंत टळावी म्हणून मी राबले, हात सोलून घेतले, कोंबड्यांमागे धावले, आणि शेवटी केलं काय तर त्या भिंतीचीच आखणी करून दिली. नख फिरवलं तरी न अडकणारी. सासूबाईंनी मिस्त्रीकडे बघितलं, मग रेघेकडे, आणि पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या. मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही.

भावजी शिडीवरच उभे होते. ते आमच्या बाजूकडे बघत होते. उडालेली चौकट, पोपडे धरलेली भिंत, आणि त्यांच्या लख्ख आकाशीला खेटून माझा तो चार बोटांचा पट्टा.

"आणि तुमचं?"

"राहिलं. दिवस कुठे उरला?"

"उद्या पालखी हाय."

"मला ठाऊक हाय, भावजी."

ते खाली उतरले. शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"डबा कुठे हाय?"

मला वाटलं, कुठेतरी काहीतरी सापडलं यांना शेवटी. "आकाशी संपला," मी म्हणाले.

"आकाशी नाय. तुमचा."

मी दाखवला. त्यांनी डबा उचलला, ब्रश त्यात पुरता बुडवला, दांड्यापर्यंत, न झटकता, आणि शिडी आमच्या बाजूला सरकवून चढले. हे आणि ते, दोघे भाऊ रंग मारतात सारखेच. घाईघाईने, भरल्या ब्रशने, रंग थेंबथेंब खाली गळतोय याकडे लक्ष न देता. गणेशपट्टीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली आणि फराटे मारत मधे यायला लागले. गणपतीच्या कानापर्यंत आले, त्याच्या पोटाला वळसा घातला, वर भिंतीवर गेले. मी खालून बघत होते आणि माझा जीव त्या रेघेत अडकला होता.

"भावजी, थांबा! टेप लावते! टेप लावू दे!"

"राहू दे, वहिनी."

"अहो, लांब धरा ब्रश! अहो, रेघ!"

फराटा रेघेवरून पलीकडे गेला. चांगला हातभर. माझ्या स्वच्छ, घासलेल्या, दोनदा मारलेल्या आकाशीवर ओला चॉकलेटी. मी खरोखर ओरडले. चंद्राबाई आपल्या अंगणातून धावत आल्या एवढी ओरडले. कोनाड्यातला फडका घेतला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि शिडीखाली जाऊन हात वर केला.

"पुसा! लगेच पुसा, ओला हाय तोवर निघंल!"

भावजींनी फडक्याकडे बघितलं. मग तो हातभर डाग बघितला, जणू काही तो दुसऱ्याच कुणी केला होता. फडका काही घेतला नाही. ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

कोंडाजी मिस्त्री खाली गोंधळून उभा. "दीपेशभाऊ, मग आता दोरी कुठून धरायची?"

"रंग ओला हाय," भावजी वरूनच म्हणाले. "दाराला हात लावू नको."

मी फडका धरून तशीच उभी होते. माझी रेघ गेली होती, आयुष्यात कधी एवढं सरळ काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि मला त्यांचा इतका राग येत होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चॉकलेटीचा ओघळ आकाशीवरून सावकाश खाली उतरत होता, आणि आमच्यापैकी कुणीच तो पुसला नाही.